दहा किलोमीटर, सत्तेचाळीस मिनिटं

श्यामकांतराव विजयकर त्या सकाळी टॅक्सीत बसले तेव्हा त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे पाप बरंच झालं, पण सुरुवात निर्मळ होती. माणूस ठाकूरद्वारहून निघाला, चौपाटीला वळसा घालून नरिमन पॉइंटपर्यंत पळत, मग चालत, मग नुसताच पुढे झुकत गेला, कठड्यावर बसला, आणि आता हेच सगळं उलट दिशेने करायचंय हे त्याच्या ध्यानात आलं. वय त्रेपन्न. पोट वयाहून मोठं. त्यात पाठारे प्रभू, म्हणजे बाजारातली चांगली मासळी संपत आली तरच पळणारी जमात. अशा वेळी समोर रिकामी टॅक्सी येऊन थांबली तर कुणीही काय करील? बसेल. श्यामकांतराव बसले.

बसताना खिशातल्या फोनवरचं पळण्याचं अ‍ॅप बंद करायचं राहिलं. एवढीच ती चूक.

रघोबा वाडीचा पळणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. सभासद त्रेसष्ट, त्यातले पळणारे चार. बाकीचे एकोणसाठ जण प्रोत्साहनाचं खातं सांभाळायचे. श्यामकांतरावांचं अ‍ॅप त्या ग्रुपला जोडलेलं होतं. ते घरी येऊन चहाचा कप तोंडाला लावतात तोच अ‍ॅपने आपणहून वाडीला कळवून टाकलं: दहा किलोमीटर, सत्तेचाळीस मिनिटं. जाताना सदतीस मिनिटं लागली होती, येताना दहा. पण अ‍ॅपला बेरीज कळते, माणूस कळत नाही.

झालं! टाळ्या, हार, जळते दिवे, मुठी वळलेले दंड यांचा नुसता पाऊस पडला. श्यामकांतरावांनी लिहायला घेतलं, "अहो, ते खरं म्हणजे..." आणि एवढ्यात समोरच्या गॅलरीतून बेबीताई धुरंधर ओरडल्या, "श्यामकांत! अरे, तुझ्या अंगात एवढं होतं आणि तू आजवर बोलला नाहीस?" बेबीताईंचं वय अडुसष्ट. वाडीतल्या प्रत्येक आजारावर त्यांच्याकडे औषध असतं आणि प्रत्येक औषधावर मत. त्यांनी त्याच दमात मेथ्या भिजवून खा, बिटाचा रस घे आणि पायाला तिळाचं तेल लाव, असं तिन्ही सांगून टाकलं. आत देविकाबाई विलेपार्ल्याला बहिणीला फोन लावत होत्या. "अगं, आमचे हे... नाही नाही, तब्येत छान आहे. अगं, पळाले! हो, आमचेच!"

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत नवऱ्याची एखादी गोष्ट बहिणीला आपणहून फोन करून सांगावी असं देविकाबाईंना पहिल्यांदाच वाटलं होतं. श्यामकांतरावांनी लिहिलेलं पुसलं आणि त्याजागी हात जोडल्याचं चित्र टाकलं. माणसाचा घात असाच होतो बघा. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतंच असं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्थातच वाडी वाट बघत होती. सत्तेचाळीस मिनिटांवरून माणूस एकदम सव्वा तासावर आला तर लोक डॉक्टर बोलावतील. तेव्हा दुसऱ्या दिवशी नरिमन पॉइंटला तोच टॅक्सीवाला दिसल्यावर श्यामकांतरावांनी हात केला. पहिलं खोटं अपघाताने झालं होतं, दुसरं हात करून थांबवलेलं होतं. टॅक्सीवाल्याचं नाव रामजी, गाव देवगड, स्वभाव जबाबदारीचा. चौथ्या दिवशी त्याला सगळा प्रकार कळला आणि त्याने तो फार मनावर घेतला. "सायब, काल आपण बेचाळीस मिन्टात आलो," तो आरशातून बघत म्हणाला. "ह्या वयात बरं नाय दिसत. लोकांना संशय येतलो. आज सिग्नलला थांबत थांबत जाऊया." हळूहळू पळण्याचा भाग कमी होत गेला, टॅक्सीचा वाढत गेला. नोव्हेंबर संपता संपता श्यामकांतराव घराजवळच्या ऑपेरा हाउसलाच गाडीत बसू लागले.

एवढ्यावर निभावलं असतं. पण कीर्ती झाली की सल्ला द्यावा लागतो. अजित म्हणून वाडीच्या उत्सव मंडळाचा सेक्रेटरी होता. त्याने गळ घातली, "काका, ग्रुपवर रोज एक टिप टाका ना. फिट कसं राहायचं, मोटिव्हेशन कसं टिकवायचं. लोकांना तुमच्याकडून ऐकायचंय." आणि श्यामकांतराव, देवा रे, लिहू लागले. रोज सकाळी टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसून लिहू लागले. बूट आदल्या दिवशीच दारात काढून ठेवावेत, म्हणजे सकाळी कारण शोधायला वेळ मिळत नाही. एकट्याने पळू नये, जोडीदार धरावा. अंथरुणातून माणूस उमेदीने उठत नाही, कुणीतरी खाली ताटकळतंय या लाजेने उठतो. दोन दिवस पळावं, एक दिवस पायांना सुट्टी द्यावी. मेथ्या भिजवून खाव्यात. आपली वेळ दुसऱ्याशी ताडून पाहू नये, आपल्याच कालच्या वेळेशी पाहावी. हे शेवटचं लिहिलं तेव्हा गाडी विल्सन कॉलेजच्या सिग्नलला उभी होती, आणि श्यामकांतरावांना घाम फुटला होता. त्या महिन्यातला तो पहिलाच घाम.

वाईट याचं की सल्ले लागू पडत होते. बेबीताईंनी सूनबाईला जोडीदार धरून बागेत फेऱ्या सुरू केल्या आणि त्यांची साखर उतरली. अजितने गुटखा सोडला. पळणारे चारावर होते, ते एकोणीस झाले. वाडीत खोटारडा एकच उरला, आणि सगळे त्याला गुरू म्हणत होते.

अशात एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे एडवर्ड मिरांडा दारात उभे राहिले. वाडी त्यांना एडवर्ड अंकल म्हणायची. वय एकाहत्तर, गोदीतून निवृत्त, काटकुळे आणि ताठ. वाडीत ज्याला खरोखर धावपटू म्हणावं असा हा एकच माणूस. दर जानेवारीत मुंबईत जी मोठी दौड होते, तिच्यातले दहा किलोमीटर ते सलग चौदा वर्षं पळाले होते. गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसला आणि पंधरावी दौड चुकली.

"शाम, तुझ्याकडे एक काम हाय," अंकल म्हणाले. माणूस कधी कुणाकडे काही मागणारा नव्हता, त्यामुळे त्यांचे कानही लाल झाले होते. "डॉक्टर बोलला, पळ. पण डोरिस नाय बोलते. तिला भीती वाटते, मी कुठे रस्त्यात पडलो तर? काल तीच बोलली, शामसारखा स्ट्राँग माणूस बाजूला असेल तर जा. नायतर कधीच नाय."

मागे डोरिस आंटी उभ्या होत्या, हातात केकची पेटी घेऊन. "बाबा, तुझ्या भरवशावर सोडते हां याला," त्या म्हणाल्या. "मला हा एकच नवरा हाय."

आता तरी बोलायचं! पण स्वयंपाकघराच्या दारात देविकाबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान होता की श्यामकांतरावांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, त्यात काय!" त्या तीन शब्दांसाठी पुढे कितीतरी दिवस त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

फॉर्म अंकलनीच भरला. ज्येष्ठ नागरिक आणि त्याचा सोबती अशी एक सोय होती. सोबत्याच्या वेळेचा पुरावा जोडायचा होता, तो अंकलनी अभिमानाने जोडला. परिणाम असा की दोघांना ‘ए’ विभाग मिळाला. ‘ए’ विभाग म्हणजे अगदी पुढचा, जिथे पोट नसलेली माणसं उभी असतात. श्यामकांतराव ऑफिसातून अर्धी रजा टाकून, कुणाला न सांगता आयोजकांच्या मंडपात गेले. तीन रांगा बदलून चौदा नंबरच्या टेबलाशी पोचले आणि तिथल्या मुलीला म्हणाले, "मला शेवटच्या विभागात टाका."

"सर, पुढे पाठवा म्हणणारे रोज येतात," ती मुलगी म्हणाली. "मागे पाठवा म्हणणारे तुम्ही पहिलेच. पुरावा आणलाय?"

"कसला?"

"हळू पळता याचा. मान्यताप्राप्त स्पर्धेचं सर्टिफिकेट लागतं."

"मी कुठल्याच स्पर्धेत पळालेलो नाही."

"मग हळू पळता हे कशावरून म्हणता?" तिने कॉम्प्युटरकडे बघितलं. "इथे तर सत्तेचाळीस मिनिटं दिसतायत. कमाल आहे हं सर, या वयात!" मागच्या रांगेतल्या चौघांनी वळून बघितलं आणि एकाने चक्क सेल्फी मागितला. श्यामकांतरावांनी दिला. चेहरा कसा आला असेल तो आला असेल.

घरी परतले तो वाडीच्या तोंडाशी अजितचा फ्लेक्स लागलेला. चेहरा श्यामकांतरावांचा, खांद्याखालचं शरीर कुणा परदेशी विजेत्याचं, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘रघोबा वाडीचा वायुवेग’. त्या दिवसापासून श्यामकांतराव मागच्या गल्लीतून ये-जा करू लागले.

दौडीच्या दिवशी व्हायचं तेच झालं. शिट्टी झाली, ‘ए’ विभागातली पोरं सुटली, आणि त्यांच्या लोंढ्यात श्यामकांतराव पहिला अर्धा किलोमीटर असे काही पळाले की ते स्वतःच चकित झाले. अंकल बाजूला शांतपणे पळत होते. "सावकाश, शाम, सावकाश," म्हणत होते. दुसऱ्या किलोमीटरला श्वास गेला. तिसऱ्याला पोटरीत गोळा आला, असा की ते ओरडून कठड्यापाशी बसलेच.

"अंकल, तुम्ही जा पुढे," ते कसेबसे म्हणाले.

"असा कसा जाऊ? डोरिसला शब्द दिलाय. तुझ्याशिवाय नाय पळणार बोललो." अंकल खाली बसून त्यांची पोटरी चोळू लागले. एकाहत्तर वर्षांचा, हृदयात स्टेंट असलेला माणूस रस्त्यावर गुडघे टेकून त्रेपन्न वर्षांच्या घोड्याचा पाय चोळत होता! बाजूने माणसं पळत होती. आजोबा गेले, कडेवर मूल घेतलेली बाई गेली, गणपतीचा मुखवटा घातलेला एक माणूस दोन्ही हात उंचावून गेला. "होतं असं," अंकल म्हणाले. "मोठ्या मोठ्या रनर लोकांना पण होतं."

ते ऐकून श्यामकांतरावांना राहवेना. "अंकल, मी रनर नाही हो," ते म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. अ‍ॅप, टॅक्सी, रामजी, ऑपेरा हाउस. सांगताना समुद्राकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघण्याची सोय नव्हती.

अंकलचे हात थांबले. मग एवढंच म्हणाले, "मी तुझ्यावर भरवसा ठेवून आलो, मेन." रागावले असते तर बरं झालं असतं. श्यामकांतरावांना तिथल्या तिथे समुद्रात उडी मारावीशी वाटली, पण पोटरी धरलेली होती.

शेवटी मागून येणारी आयोजकांची बस थांबली आणि दोघं तीत बसले. खिडकीतून शेवटची कमान दिसली, तिच्याखाली माणसं मेडल घालून फोटो काढत होती. अंकलनी त्या बाजूला बघितलं नाही.

वाडीच्या तोंडाशी ढोल होता. देविकाबाई नव्या साडीत ओवाळणीचं तबक घेऊन उभ्या होत्या. लंगडणारे श्यामकांतराव, त्यांच्या खांद्याखाली हात घातलेले अंकल, दोघांच्याही गळ्यात मेडल नाही. ढोल आपोआप थांबला. श्यामकांतरावांनी तोंड उघडलं, पण त्याआधी अंकलची नजर देविकाबाईंच्या तबकाकडे गेली होती.

"माझा गुडघा गेला," अंकल मोठ्याने म्हणाले. "शामनं रेस सोडली माझ्यासाठी. मला आणता आणता त्याचा पण पाय मुरगळला."

डोरिस आंटींनी श्यामकांतरावांचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. "देवानं पाठवला तुला," त्या रडत म्हणाल्या. वाडीने टाळ्या वाजवल्या. श्यामकांतराव त्या टाळ्यांमध्ये उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. जन्मभर आठवलं तरी मान खाली जाईल अशी ती दोन मिनिटं होती.

अजितने त्याच दिवशी फ्लेक्सवर खाली पट्टी चिकटवली: ‘आणि माणुसकीचाही धावपटू’. मंडळाने ठराव केला की सव्वीस जानेवारीला वाडीत जी सत्यनारायणाची महापूजा होते, तिला यंदा बसायचा मान विजयकर दांपत्याला द्यायचा, आणि पूजेनंतर शाल-श्रीफळ. श्यामकांतरावांनी पोटरी पुढे केली, ऑफिसचं काम पुढे केलं, सोयर काढता येईल का तेही पाहिलं. पण नातेवाइकांपैकी कुणी बाळंत व्हायच्या बेतात नव्हतं.

तेव्हा सव्वीस तारखेला दुपारी चार वाजता श्यामकांतराव उपाशीपोटी, पीतांबर नेसून, खांद्यावर उपरणं घेऊन पाटावर बसले. बाजूला देविकाबाई. समोर केळीच्या खांबांत सत्याचा देव. गुरुजींपुढे माइक, म्हणजे पोथी थेट गल्लीपर्यंत ऐकू जावी. वाडीतले किरिस्तावही दरवर्षी तीर्थप्रसादाला येतात; डोरिस आंटी पुढच्याच खुर्चीत होत्या, आणि अंकल अगदी मागे, चपला घालून, आपल्या पावलांकडे बघत.

"अंकलना पळायला बरं वाटतंय का आता?" देविकाबाईंनी अध्यायांच्या मधे हळूच विचारलं.

"नाय गं. संपलं ते," डोरिस आंटी म्हणाल्या. "गुडघाच गेला ना! मी त्याचे रनिंगचे बूट चर्चच्या पेटीत टाकले, जुन्या कपड्यांच्या. आज सहाला गाडी येऊन घेऊन जाईल. समोर दिसले की हा बघत बसतो गं, बाकी काय नाय. बोलत नाय, जेवत नाय."

श्यामकांतरावांच्या हातातली तुळशीची पानं तशीच राहिली. गुरुजींनी चौथा अध्याय सुरू केला. त्यात तो व्यापारी नावेत धन असताना वेली आणि पानं आहेत असं बेधडक सांगतो, आणि बघतो तो खरंच वेली आणि पानं. दरवर्षी ऐकलेली गोष्ट. दरवर्षी या ठिकाणी श्यामकांतरावांना शिऱ्याचा वास यायचा. यंदा आला नाही. घड्याळात साडेपाच वाजत होते. त्यांनी हात लांब केला आणि गुरुजींच्या तोंडासमोरचा माइक ओढून घेतला.

"गुडघा माझा गेला होता," ते म्हणाले. आवाज गल्लीभर घुमला. "म्हणजे पोटरी. अंकल ठणठणीत आहेत. अंकल आरामात पळाले असते, ते माझ्यामुळे थांबले. मला पळता येत नाही. ते दहा किलोमीटर मी टॅक्सीत बसून केले. सगळे. रोज."

मग अजित धावत आला. "काका, तुम्हाला उपास लागलाय. माइक द्या, माइक द्या!"

"म्हणजे?" बेबीताई उभ्या राहिल्या. "म्हणजे मी टॅक्सीत बसलेल्या माणसाचं ऐकून रोज पहाटे उठतेय? अरे मेल्या! माझ्या मेथ्या मलाच परत सांगितल्यास, आणि त्या तुझ्या समजून मी दुप्पट खाल्ल्या!" कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. पाटावर देविकाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांचे कान लालबुंद झाले होते, आणि श्यामकांतरावांना त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

डोरिस आंटी सावकाश उठल्या. आधी त्या मागे वळल्या. "एडवर्ड! तू माझ्याशी खोटा बोलला? गुडघा बोलला?"

"त्याची बायको आरती घेऊन उभी होती गं," अंकल खालच्या आवाजात म्हणाले. "मी काय करणार?"

आंटींनी नवऱ्याकडे बघितलं, देविकाबाईंकडे बघितलं, आणि मग त्या श्यामकांतरावांकडे वळल्या. "आणि तुझे हात मी कपाळाला लावले," त्या म्हणाल्या. श्यामकांतरावांना वाटलं, आता एक थोबाडीत बसेल. बसली असती तर त्यांनी उपकार मानले असते. पण आंटींनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "सहाला गाडी येते. बूट परत आण. पळ."

"यजमानाने पूजेतून उठायचं नसतं!" गुरुजी ओरडले.

"तुमचा देव थांबेल, फादर," आंटी गुरुजींना म्हणाल्या. "गाडी नाय थांबायची."

"जा," देविकाबाई मान वर न करता म्हणाल्या. "मी बघते इथलं."

आणि श्यामकांतराव पळाले. पीतांबराचा सोगा हातात धरून, अनवाणी, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या आणि एकानेही टाळी वाजवली नाही. चर्च दीड किलोमीटरवर. पाचशे पावलांवर धाप लागली, एका दुकानाच्या पायरीवर बसले, उठले, पुन्हा पळाले, एका मोटारसायकलला टेकले, पुन्हा पळाले. चर्चच्या आवारात गाडी उभी होती, पोती चढत होती. यादीवाली बाई म्हणाली की दान दिलेली वस्तू परत मिळत नाही, अर्ज करावा लागतो, त्यावर फादरची सही लागते. श्यामकांतरावांना बोलायला श्वासच नव्हता. ते तिच्यापुढे नुसते हात जोडून उभे राहिले, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते घामाचं आहे की कशाचं, हे पुसत बसले नाहीत. बाईने पीतांबराकडे बघितलं, पायांकडे बघितलं आणि पोत्याची गाठ सोडली. सातव्या पोत्यात बूट सापडले.

परत आले तेव्हा आरती उरकली होती. शाल आणि श्रीफळ टेबलावर तसंच पडलं होतं. अजित शिडीवर चढून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत होता, त्याने खाली बघितलं नाही. द्रोणातला शिरा खात सगळी वाडी उभी होती, आणि मधून जायला सगळ्यांनी नको तितकी वाट करून दिली.

अंकल पायरीवर बसले होते. श्यामकांतरावांनी बूट त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि तिथेच फरशीवर बसकण मारली. अंकलनी एक बूट उचलला, आत हात घालून पाहिला, नाडी सैल केली.

"किती टाइम लागला?" त्यांनी विचारलं.

शिरा खाणारे हात थांबले. घड्याळ लावून कुणी बसलं नव्हतं, काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"एक्केचाळीस मिनिटं," श्यामकांतराव म्हणाले. लाजेने चेहरा पेटला होता, तरी मोठ्याने म्हणाले. "जाऊन येऊन तीन किलोमीटरला. जाताना दोनदा बसलो, येताना तीनदा."

"मी पस्तिसात जाऊन येते," गर्दीतून बेबीताई म्हणाल्या.

अंकलनी चपला काढून बूट चढवले, दोन्ही नाड्या बांधल्या आणि उभं राहून पाय आपटून बघितले.

"उद्या चाळीस करू," ते म्हणाले.